बांधापलीकडचा माणूस

रब्बीची काढणी उरकली की नांगरटी सुरू होतात. ट्रॅक्टर बहुधा भाड्याचा आणि चालक परगावचा असतो. पहिलं तास धरण्याआधी तो शेतमालकाला एकच गोष्ट विचारतो, "बांधाला किती लागून घेऊ?" या प्रश्नाला मालक काय उत्तर देतो, यावर पुढच्या कित्येक वर्षांचा शेजार ठरतो. "हातभर सोडून घे रे, बांध राहू दे," असं म्हणणारे असतात. काही न बोलता नुसती मान हलवणारेही असतात. मग फाळ बांधाच्या कुशीत शिरतो, हराळीचा पट्टा मुळांसकट उलटतो आणि बांध चार बोटं बारीक होतो. पहिल्या वळवाला उघडी पडलेली कड ढासळते. पुढच्या उन्हाळ्यात नवा चालक त्या ढासळलेल्या कडेलाच हद्द समजतो. याला गावाकडे बांध कोरणं म्हणतात. आमच्या भागात एखाद्याला नाव ठेवायचं असेल तर तो दारू पितो असं सांगण्यापेक्षा तो बांध कोरतो असं सांगणं जास्त लागतं.

कोरून हाती काय येतं, याचा हिशेब एकदा मांडून बघावा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मोजणीची ही ३३ फुटी साखळी इंग्रजी अमदानीतली. इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची पाहणी केली आणि मुंबई इलाख्याची पुढची मोजणी त्या पायावर उभी राहिली. आता दहा साखळ्या लांबीचा, म्हणजे ३३० फुटांचा बांध धरू. तो सगळाच्या सगळा फूटभर कोरला तरी मिळाले ३३० चौरस फूट, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही कमी. एकरी दहा क्विंटल ज्वारी धरली तर वर्षाला साडेसात किलो. एवढ्या ज्वारीसाठी दोन घरांची बोलचाल बंद होते, पोरांचं एकमेकांच्या लग्नाला जाणं थांबतं, तालुक्याला तारखा सुरू होतात. एका तारखेला जायचं तर एसटीचं भाडं, वकिलाची फी आणि बुडालेला दिवस. साडेसात किलो ज्वारी पहिल्याच खेपेत संपते.

तरीही माणसं भांडतात. त्यांना मूर्ख ठरवून हा विषय संपत नाही. भांडण ज्वारीचं नसतंच. आपला शेजारी आपल्याला काय समजतो, हे त्या कोरलेल्या फुटातून कळतं आणि तेच सहन होत नाही.

शेताच्या शेजाराचं वेगळेपण इथूनच सुरू होतं. शहरात शेजारी पटला नाही तर माणूस घर बदलतो, निदान दार लावून घेतो. शेताला दार नाही. बांधापलीकडचा माणूस आपण निवडलेला नसतो आणि तो सोडूनही जात नाही. त्याचा बाप आपल्या बापाचा शेजारी होता, आणि त्याचा नातू आपल्या नातवाचा होणार असतो. पुष्कळदा तर तो सख्खा किंवा चुलत भाऊच असतो, कारण वाटणी झाली की एका रानाची दोन रानं होतात आणि मधे बांध येतो. घरात जे धुमसत होतं ते त्या बांधावर येऊन बसतं. भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत रोज वापरला जातो, तिथे शेजारधर्म हा शब्दही तेवढाच जपावा लागतो.

आणि बांध वाढतच चालले आहेत. कृषिगणनेचे आकडे पाहा. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात साधारण ५० लाख शेतखाती होती आणि एका खात्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत खाती १५३ लाखांच्या घरात गेली आणि सरासरी १.३४ हेक्टरवर आली. आजोबांच्या काळात जिथे एक कुटुंब नांगरत होतं तिथे आता तीन कुटुंबं नांगरतात. याचा अर्थ शेजारीही तिपटीने वाढले. जमीन कमी झाल्याची चर्चा आपण खूप करतो. शेजार वाढल्याची कुणी करत नाही, आणि मला ती अधिक गरजेची वाटते. तीन एकरवाल्याला बैलजोडी परवडत नाही, विहीर एकट्याला खणवत नाही, राखणीला माणूस ठेवता येत नाही. जमिनीचा तुकडा जितका लहान, तितका शेजारी जास्त लागतो.

हे पूर्वीच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या बोलीत त्याचे शब्दच आहेत. सावड म्हणजे आज तुमच्या रानात आमची माणसं, उद्या आमच्या रानात तुमची. पैसा मधे येत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. वारंगुळा म्हणजे आळीपाळीने बैलांची आणि माणसांची मदत. एक बैल असलेले दोघे शेजारी वारंगुळ्याने जोडी करतात आणि दोघांचंही रान वेळेत पेरून होतं. इर्जिक मोठी. एखाद्याचं काम अडलं, बैल मेला, घरात दुखणं आलं, तर सगळे आपापली औतं घेऊन एका दिवसात त्याचं रान उरकून द्यायचे आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवण द्यायचं. आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी उतारावरची भातखाचरं मिळून तयार करतात, त्याला पडकई म्हणतात. दगड लावून, माती ओढून एकेक खाचर उभं करणं हे एका कुटुंबाच्या आवाक्यातलं काम नव्हे.

या सगळ्यात मला सावड सर्वांत शहाणपणाची वाटते. तिच्यात उपकार नाही. ज्याची पाच एकर आहे आणि ज्याची दीड, दोघांचा दिवस सारखाच मोजला जातो. सावडीच्या पंगतीत खुरपणाऱ्या बायका बोलत बोलत पातीला पात लावून पुढे सरकतात, आणि कुणाची पात मागे राहिली तर शेजारची आपली पात सोडून तिची दोन हात काढून देते. ते दोन हात कुणी मोजत नाही.

आता एक दूरचं उदाहरण देतो, कारण ते आपल्या बांधाला नेमकं लागू पडतं. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियात शास्ता नावाचा परगणा आहे. तिथे गुरं पाळणारे आणि शेती करणारे शेजारीशेजारी राहतात. गुरं दुसऱ्याच्या रानात घुसतात, कुंपणं मोडतात. रॉबर्ट एलिक्सन हे कायद्याचे प्राध्यापक तिथे गेले. गुरांनी नुकसान केलं तर भरपाई कुणी द्यायची, याचा कायदा त्या परगण्यात सगळीकडे एकसारखा नव्हता, आणि कायदा बदलला की लोकांचं वागणं कसं बदलतं हे त्यांना पाहायचं होतं. आढळलं असं की वागणं बदलतच नाही. बऱ्याच जणांना कायदा नीट माहीतही नव्हता. चांगल्या शेजाऱ्याने आपली गुरं आवरावीत, हा त्यांचा स्वतःचा नियम होता आणि तंटे ते त्यावर मिटवत. १९९१ साली त्यांचं 'ऑर्डर विदाउट लॉ' हे पुस्तक आलं.

त्यातली एक गोष्ट वाचताना मला माझं गाव दिसलं. ते शेजारी मनात एक खतावणी ठेवतात. माझं गुरू तुझ्या रानात गेलं, तुझं कुंपण मी बांधून दिलं, तू परगावी असताना तुझ्या गुरांना मी पाणी दाखवलं. जमा-खर्च चालू राहतो, पण तो रोकडीत चुकता करायला गेलं तर समोरच्याला राग येतो. पैसे देणं म्हणजे संबंध तोडणं. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, त्यामागे हाच हिशेब आहे. विरजणाची वाटी आली तर ती जाताना तीत चार शेंगा, लिंबू, निदान चिमूटभर साखर असावी लागते. त्यामुळे खातं कधीच पुरतं मिटत नाही आणि पुन्हा दार वाजवायला निमित्त उरतं.

रानात या वाटीचं नाव वानवळा. पहिल्या भुईमुगाच्या शेंगा, पहिली वांगी, गुळाचं पहिलं आधण, हुरड्याची पहिली कणसं, यांतला वाटा शेजाऱ्याच्या घरी जातो. वानवळा विकतच्या मालाचा देत नाहीत. आपल्या रानात आलं त्याचाच देतात. लातूर, धाराशिव, सोलापूरच्या बाजूला वेळाअमावस्या असते, तिकडे तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्ष अमावस्येला घरंच्या घरं रानात जातात, कडब्याची कोप करतात, पूजा करतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं जेवण शेतात मांडतात. त्या दिवशी गावात शुकशुकाट असतो. ज्यांना शेत नाही त्यांनाही कुणाच्या तरी रानात आग्रहाचं बोलावणं असतं. वर्षभर ज्याच्याशी अबोला आहे त्या शेजाऱ्यालाही हाक मारायची रीत आहे. हाक मारली आणि तो आला, तर बांधावरच्या कितीतरी गोष्टी मिटून जातात. आंबिलाचा पेला हातात असताना माणसाला दावा आठवत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण सगळं प्रेमाने मिटतं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. वाट अडवली जाते. वरच्या रानातलं पावसाचं पाणी खालचा शेजारी भराव घालून तुंबवतो. अशा वेळी हक्क माहीत असायला हवेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार आपल्या शेतात जायला वाट नसेल तर शेतकरी तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागू शकतो. शेतकऱ्याला वाजवी वाट किती गरजेची आहे, हे पाहून तहसीलदार निर्णय देतो. आधीपासून असलेली वाट कुणी अडवली, किंवा नैसर्गिक उताराने वाहणारं पाणी बेकायदा अडवून नुकसान केलं, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम कामाला येतो. त्याचं कलम ५ शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावं, आणि मुदतही ठेवावी. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. पुष्कळ माणसं आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत थांबतात आणि मुदत निघून जाते.

हद्दीचाच वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घेता येते. तिची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. नोटीस जायच्या आधी स्वतः शेजाऱ्याच्या घरी जा, बसा, चहा घ्या आणि सांगा की मला मोजून घ्यायचं आहे, तुम्हीही हजर राहा, दगड दोघांच्या डोळ्यांसमोर लागू दे. तीच मोजणी पोस्टातून कळली तर ती चढाई वाटते आणि तोंडाने कळली तर सोय वाटते. आमच्या घरी एकदा नोटीसच आधी पोहोचली. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त समोर येऊन बोलायचा संकोच वाटला होता. पण तो संकोच भरून यायला आम्हा दोघांनाही चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत त्याच्या बैलाला आमच्या हौदावर पाणी मिळालं नाही, याची मला आजही बोच आहे.

शासनालाही हे दुखणं कळलेलं आहे. बऱ्याच गावांत सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, आणि त्या दुसऱ्याचं रान पहिल्याच्या ताब्यात, अशी अदलाबदल झालेली आहे. कुठे एकत्रीकरण योजनेत गट पाडताना ती झाली, कुठे जुन्या तोंडी वाटण्यांत. कागद दुरुस्त करायचा तर मुद्रांक शुल्कच परवडत नसे. जानेवारी २०२३ मध्ये राज्याने सलोखा योजना आणली. किमान १२ वर्षं एकमेकांची जमीन एकमेकांच्या ताब्यात असेल आणि दोघे राजी असतील, तर १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येतो. योजनेचं नावच मला आवडलं. फी कमी करणं सरकारच्या हातात होतं आणि ते सरकारने केलं. दोघांनी एका गाडीवर बसून निबंधक कार्यालयात जाणं मात्र त्या दोघांनाच करावं लागतं.

कायद्यात कुठेच न लिहिलेली कामं याहून जास्त आहेत आणि ती काळाप्रमाणे बदलतात. आजोबांच्या वेळी चांगला शेजारी म्हणजे गुरं आवरणारा. आज त्यात फवारणी आली. टू-फोर-डी हे तणनाशक ऊस, ज्वारी, गहू अशा पिकांत चालतं, पण त्याचे बारीक थेंब किंवा नुसती वाफ वाऱ्याबरोबर कापसावर किंवा द्राक्षावर गेली तर पानं पंजासारखी आकसतात आणि झाड वाकडंतिकडं होतं. बांधापलीकडे कापूस असेल तर वारा कुठून वाहतो ते पाहावं, शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगावं, आणि सरळ दुसरं औषध वापरता आलं तर वापरावं. तोच पंप नीट न धुता शेजाऱ्याला उसना देऊ नये. पाचट पेटवणं तर सोडूनच द्यावं. ते कुजवलं तर जमिनीला खत होतं आणि पेटवलं तर वाऱ्याच्या एका झोताने शेजाऱ्याचा उभा ऊस जातो. बांधावरच्या झाडाचंही तसंच आहे. झाड आपलं, लाकूड आपलं, पण सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडते आणि त्याला वसवा लागतो. वर्षाआड फांद्या छाटून द्याव्यात. छाटलेल्या फांद्यांतली मोळीभर त्याच्या घरी पाठवावी.

पाण्याच्या बाबतीत मात्र नुसता एकेकाचा चांगुलपणा पुरत नाही, तिथे रीत बांधावी लागते. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग, त्यांना फड म्हणायचं. एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी विभागलेली असते. आता यातली अक्कल बघा. पाणी कमी आलं तर सगळ्या रानांना अर्धवट पाजत बसत नाहीत. अमुक फडाला पाणी द्यायचं आणि तमुक कोरडा ठेवायचा, असं ठरतं. कोरड्या फडात प्रत्येकाचं थोडं रान जातं आणि भिजलेल्या फडात प्रत्येकाचं थोडं पिकतं. टंचाई एकाच्या डोक्यावर पडत नाही. पाणी वाटायला पाटकरी असतो आणि राखणीला जागल्या. पाटकरी पाणी देत असताना शेतकऱ्याने मधे पडायचं नसतं. पाळी मोडणारा उघड दिसतो, कारण सगळ्यांचं रान एकाच पाटावर असतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने तर शेजाराची व्याख्याच रुंद केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. म्हणजे ज्याला बांधच नाही, तोही शेजारी. ही कल्पना जितक्या गावांत रुजायला हवी होती तितक्या गावांत रुजली नाही, आणि आज उसाच्या पट्ट्यात टँकर पाहिले की मला दरवेळी तिची आठवण होते.

आमची विहीर सामाईक आहे, तीन घरांची. पाळी आठ दिवसांची. शेतीची वीज काही आठवडे दिवसा आणि काही आठवडे रात्री असा अनेक वर्षांचा शिरस्ता, त्यामुळे पाळी कधी भर दुपारी येते तर कधी रात्री बारानंतर. रात्रीचं दारं धरणं एकट्या माणसाचं काम नाही. हातात खोरं, कमरेला बॅटरी, पायाखाली चिखल. वाफा भरला की पुढचं दारं मोडायचं आणि मागचं चिखलाने बुजवायचं. गव्हाच्या रानात उंदरामागे साप येतो आणि तो दिसत नाही.

गेल्या पौषात माझी पाळी रात्रीची होती. थंडी मरणाची. दोनच्या सुमाराला पाटातलं पाणी एकदम कमी झालं. मोटार चालू होती, आवाज येत होता. मी पाटाने मागे मागे गेलो तर तिसऱ्या वळणाला उंदराने पाट फोडला होता आणि पाणी शेजारच्या हरभऱ्यात चाललं होतं. घाटे धरलेला हरभरा, त्यात पाणी साचलं तर पीक गेलंच. मी पोहोचेपर्यंत तिथे एक बॅटरी आधीच जमिनीवर ठेवलेली होती आणि अण्णा, शेजारचे, गुडघाभर चिखलात वाकून ढेकळं लावत होते. त्यांची पाळी नव्हती. वस्तीवर झोपले होते, पाण्याचा आवाज बदललेला ऐकून उठले.

"आण, दोन खोरी माती टाक इथं," एवढंच म्हणाले. आम्ही मिळून भगदाड बुजवलं. वरून हराळीची ढेपळं बसवली, अण्णांनी ती पायाने दाबून घट्ट केली. हरभऱ्यातलं पाणी बाहेर काढायला त्यांच्याच रानाला बारीक चर मारला. मी म्हटलं, "अण्णा, तुमचं नुकसान झालं."

"वाफाभर गेलं असंल. तू जा, तुझं दारं फुटंल तिकडं."

मी माझ्या रानाकडे परत आलो. वाफा काठोकाठ भरला होता. दारं मोडलं, मागचं बुजवलं. पुन्हा वळून पाहिलं तर बांधापलीकडची बॅटरी अजून तिथेच होती, पाटाच्या कडेकडेने हळूहळू पुढे सरकत, आणखी कुठे भोक आहे का ते बघत.